साळवे बाईंची बोरमाळ

मला अक्षरओळख झाली ती ताटांवरून. पितळेच्या ताटाच्या काठावर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असतं ना, ते वाचत वाचत मी वरणभात कालवायचे. ‘सौ. पार्वतीबाई निवृत्ती’, ‘कै. बाबूराव यांचे स्मरणार्थ’, ‘चि. शकुंतला हिस आत्याकडून’. आमच्या घरात पार्वती नव्हती, बाबूराव नव्हते आणि शकुंतलाही नव्हती. पहिलीत असताना मी आईला विचारलं, हे सगळे आपले कोण लागतात? आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘गिऱ्हाईक.’ मला तो शब्द एखाद्या नात्यासारखाच वाटला. काका, मावशी, तसं गिऱ्हाईक. बरीच वर्षं मी आमच्या फार मोठ्या गोतावळ्यात जेवत होते.

पंचवटीत एका बोळात आमचं घर होतं. खाली दुकान, वर आम्ही. माझे वडील, अण्णा, परवानाधारक सावकार होते. दागिने आणि भांडी गहाण ठेवून घ्यायची आणि त्यावर पैसे द्यायचे, हा त्यांचा धंदा. हा ‘परवानाधारक’ शब्द ते नेहमी स्वतःच्या नावाआधी लावत, जसं कुणी डॉक्टर लावतं. सरकारी शिक्क्याचा तो कागद काचेच्या चौकटीत दुकानातल्या देवांच्या तसबिरींशेजारी टांगलेला असे आणि सकाळची उदबत्ती गणपती, लक्ष्मी आणि परवाना अशी तिघांपुढून फिरे. त्याच्या अटी त्यांना तोंडपाठ होत्या. व्याज ठरल्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही, पावती द्यायची, गहाण आलेली वस्तू वापरायची नाही, मुदत उलटली तरी नोटीस दिल्याशिवाय ती विकायची नाही. कुणी नवखं माणूस आलं की ते या अटी खणखणीत म्हणून दाखवत. माणसाला धीर यायचा. अटी म्हणून झाल्या की अण्णा वर येत आणि पार्वतीबाईंच्या ताटात जेवत.

खालचे आवाज वर ऐकू यायचे. नदीकडच्या भाजीबाजारातून हातगाड्या ओढत येणाऱ्यांच्या आरोळ्या, देवळांच्या घंटा, आणि या सगळ्याच्या तळाशी काट्याच्या पारड्याचा बारीकसा टण. त्या टणनंतर अण्णा खोकत. खोकला आला की समजायचं, आता ते भाव पाडून सांगणार. बायका बहुतेक दुपारी यायच्या, बोळ निजलेला असताना, पदराआड रुमालाची पुरचुंडी घेऊन. नेमकी तेव्हाच आत्या वर मिरच्या भाजायला घ्यायची. माझी विधवा आत्या आमच्याकडेच असायची, आणि तिच्या हातासारखा ठेचा मी पुन्हा कुठे खाल्ला नाही. बाजरीची भाकरी, शेवग्याच्या शेंगांची आमटी, वर कच्च्या तेलाची धार. तो खमंग वास जिन्यावरून खाली उतरायचा आणि बाकावर ताटकळत बसलेल्या बाया डोळे मिटून घ्यायच्या. मी जिन्यात बसून ते बघितलेलं आहे. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मनात आलं नाही.

एक सांगायला हवं, नाहीतर अण्णांवर अन्याय होईल. आणि त्यांच्यावर अन्याय करायची मला गरज नाही. त्यांचा माझ्यावर जीव होता. थोरली शैलाताई आईची आणि मी अण्णांची, अशी घरात वाटणीच होती. कसोटीच्या काळ्या दगडावर सोनं कसं घासायचं, त्याची रेघ कशी वाचायची, हे त्यांनी मला शिकवलं. ‘माझी वैशू वकील होणार,’ असं ते बोळात ज्याला त्याला सांगत. ‘मग मला कुणाच्या बापाला भ्यायचं कारण नाही.’

साळवे बाई आम्हाला शाळेत भूगोल शिकवायच्या. उंच, सावळ्या, साधी सुती साडी, हातात नुसतं घड्याळ. त्या नाशिकच्याच एका वसाहतीत आई आणि धाकट्या भावाबरोबर राहायच्या. त्यांच्या घरी मी एकदा नकाशाची गुंडाळी पोचवायला गेले होते. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर होती, दोन्हींखाली ताजी फुलं होती. त्यांच्या आईने मला गूळ-शेंगदाणे दिले होते. बाईंच्या तोंडून गोदावरी ऐकली की वाटायचं, ही रोजची घाटावरची, कपडे धुवायची नदी नव्हेच. वर्गात चुकलं तरी त्या ओरडत नसत, ‘पुन्हा बघ,’ एवढंच म्हणत.

मी दहावीत असताना एका दुपारी अण्णांचा चहा घेऊन खाली गेले, तर बाकावर साळवे बाई. त्यांच्या मांडीवर रुमालाची पुरचुंडी होती. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, किंचित मान हलवली आणि पुन्हा समोर पाहू लागल्या. त्यांच्या भावाचं ऑपरेशन होतं, हे मला नंतर कळलं. पुरचुंडीत काय होतं ते मी पाहिलं नाही. चहा ठेवून पळत वर आले. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या नेहमीसारख्याच होत्या, माझ्याशीही. त्याबद्दल मला त्यांचे पाय धरावेसे वाटले होते.

मग मी अकरावीत गेले. बाई पुन्हा दुकानात आल्या, या वेळी गहाण सोडवायला. मी वरून ऐकत होते.

‘मुदत गेली बाई,’ अण्णा म्हणाले. ‘लिलावात विकली.’

‘मला नोटीस आली नाही.’

‘पाठवली होती. पोस्टात चौकशी करा.’

‘मी व्याज भरत होते ना? गेल्या महिन्यातसुद्धा भरलंय.’

अण्णा खोकले. ‘ते मागचं बाकी होतं.’

बाक करकरला. मग त्यांच्या चपलांचा आवाज बोळात लांब गेला. अण्णा वर आले, हात धुतले आणि आत्याला म्हणाले, ‘आज पिठलं कर.’

त्याच सुमारास शैलाताईचं लग्न ठरलं. साखरपुडा जवळच्याच मंगल कार्यालयात होता. मला माझ्या मैत्रिणींना बोलवायची मुभा होती. मी साळवे बाईंनाही पत्रिका नेऊन दिली. त्या येतील असं मला खरं तर वाटलं नव्हतं. माझं वय असं होतं की दोन माणसं मला आवडतात म्हणून ती एका मांडवात येऊ शकतील, असा माझा समज होता. बाईंनी पत्रिका हातात घेतली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, ‘तुझ्यासाठी येईन.’

साखरपुड्याच्या दिवशी माझी तयारी झाल्यावर आई म्हणाली, ‘पोरीचा गळा ओका दिसतोय.’ अण्णा खाली गेले आणि तिजोरीतून एक बोरमाळ घेऊन आले. ‘ही तुझ्यासाठी केली,’ म्हणाले आणि स्वतःच्या हातांनी माझ्या गळ्यात घातली. मी आरशात पाहिलं. मणी सगळे एकसारखे नव्हते. मागचे जरा बारीक आणि फिकट, पुढचे टपोरे. नवी माळ अशी का, असा प्रश्न मला पडायला हवा होता, कारण सोनं वाचायला त्यांनीच मला शिकवलेलं होतं. पण बापाने गळ्यात घातलेली माळ कुणी कसोटीवर घासून बघत नाही.

बाई आल्या तेव्हा मी दारात अत्तर लावायला उभी होते. मी हात पुढे केला. त्यांनी मनगट पुढे केलं आणि तिथेच त्या थबकल्या. त्यांची नजर माझ्या गळ्यावर होती. मग त्यांनी हळूच एक मणी बोटांत धरला, पुढचा धरला, त्याच्या पुढचा.

‘वैशाली, ही कुणाची?’

‘माझी. अण्णांनी केली माझ्यासाठी.’

‘अच्छा,’ बाई म्हणाल्या. माझ्या गळ्यावरची माळ त्यांनी सरळ केली आणि हात मागे घेतला. ‘माझी आई सिन्नरला बिड्या वळायची. जमेल तसे एकेक दोन-दोन मणी करून घ्यायची. सोनार बदलले, सोनं बदललं. म्हणून तिची माळ सारखी नाही झाली कधी.’

हे त्यांनी रागाने सांगितलं नाही. वर्गात सांगायच्या तसंच सांगितलं. तेवढ्यात अण्णा पाहुण्यांना ‘या, या’ करत दारापाशी आले आणि बाईंना पाहून थांबले.

‘माळ विकली म्हणालात,’ बाई त्यांना म्हणाल्या.

‘कसली माळ?’

‘तुमच्या मुलीच्या गळ्यातली.’

अण्णांच्या चेहऱ्यावरचं पाहुण्यांसाठीचं हसू तसंच होतं. ‘बाई, शुभकार्य आहे. जेवून घ्या. उद्या दुकानात या, बसून बोलू.’

मी माळ काढायला मानेमागे हात नेला. अण्णांनी माझं मनगट धरलं. लोकांना वाटलं असेल, बाप लेकीला कौतुकाने आत नेतोय. मी वळून पाहिलं तर बाई पायऱ्या उतरत होत्या. ‘बाई, जेवून तरी जा,’ असं मी ओरडले, आणि आज या वयातही त्या वाक्याची आठवण आली की मला कसंतरीच होतं. त्या वळल्या नाहीत.

त्याच संध्याकाळी, पाहुणे पुरते पांगायच्या आत, अण्णांनी माळ माझ्या गळ्यातून उतरवून घेतली आणि ते बाहेर पडले. परत आले ते हात हलवत. सोनाराकडे आटवून टाकली होती. साखरपुड्याचे फोटो काढणाऱ्याकडून त्यांनी रोलही आणला आणि उजेडात धरून ओढला. हे सगळं त्यांनी अगदी शांतपणे केलं, दुकानाची कुलपं तपासावीत तसं. यावरून मला कळलं की ही त्यांची पहिली वेळ नव्हती.

घरात कालवा झाला, पण तो भलत्याच गोष्टीवरून. आत्याला माळ कुणाची ते कळलं आणि तिने कपाळावर हात मारला. ‘अरे, त्या लोकांची वस्तू शुभकार्यात पोरीच्या गळ्यात घातलीस? ऊठ गं, आधी डोक्यावरून पाणी घे.’ तिने मला मोरीकडे ढकललं. अण्णा म्हणाले, ‘सोन्याला जात नसते, आक्का.’ हे वाक्य मी आयुष्यभर मनात घोळवलं आहे. इतकं खरं वाक्य इतक्या खोट्या तोंडून मी दुसरं ऐकलेलं नाही. मी आंघोळ केली नाही. मोरीचं दार लावून नुसती बसून राहिले.

बाई दुसऱ्या दिवशी दुकानात आल्या नाहीत. त्या सरळ सावकारांच्या निबंधकांकडे गेल्या आणि लेखी तक्रार दिली. मग एक साहेब दुकानात येऊन तपासणी करून गेले. मध्यमवयीन, घामेजलेले, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. माळ लिलावात विकली म्हणता, तर लिलाव कुठे झाला, नोटीस कधी दिली, असं ते विचारत होते. अण्णांनी सांगितलं की साखरपुड्यात मुलीच्या गळ्यात होती ती माळ आमच्या बहिणीची, आणि बाईंचा गैरसमज झालाय. साहेब म्हणाले, ‘मुलीला घेऊन या कार्यालयात. तिचा जबाब लागेल.’

त्या आठवड्यात माझे फार लाड झाले. आत्याने माझ्यासाठी पुरणपोळी केली, आई रोज डोक्याला तेल लावून द्यायची. अण्णा जेवताना म्हणाले, ‘वैशू, एवढंच म्हणायचं, माळ आत्याची. एक वाक्य. बाईंना पैसे मी देणारच आहे की, पण परवाना गेला तर आपण खायचं काय?’ साळवे बाई मला भेटल्या नाहीत. त्यांनी निरोपही पाठवला नाही. एकदा घाटावर लांबून दिसल्या, आणि मला बघून त्यांनी रस्ता बदलला. मला वाईट वाटलं. पुष्कळ वर्षांनी, स्वतः संसार केल्यावर उमगलं, की माझ्यावर कसलंही ओझं नको म्हणून त्यांनी तसं केलं होतं. घरातल्या चौघांनी मला काय बोलायचं ते सांगितलं. जिची वस्तू गेली तिने तेवढं सांगितलं नाही.

कार्यालयात उंच छताला पंखा घुमत होता आणि टेबलावरचे कागद दगडांखाली फडफडत होते. साहेबांनी मला खुर्ची दिली. अण्णा माझ्या उजव्या हाताला, बाई भिंतीशी.

‘घाबरू नकोस,’ साहेब म्हणाले. ‘साखरपुड्यात तू बोरमाळ घातली होतीस?’

‘हो.’

‘कुणाची होती?’

मी शूर नव्हते. मी सत्यासाठी उभी राहिले वगैरे काही नाही. माझ्या तोंडाशी ‘आत्याची’ आलेलंही होतं. पण त्या क्षणी मला डोळ्यांपुढे मण्यांवरून फिरणारी बाईंची बोटं दिसली, आणि मी म्हटलं, ‘अण्णांनी दुकानाच्या तिजोरीतून आणली. आधी म्हणाले माझ्यासाठी केली. पण त्यातले मणी जुने-नवे होते. आत्याकडे बोरमाळ नाही. कधीच नव्हती.’

‘आता कुठे आहे?’

‘आटवली. त्याच संध्याकाळी.’

साहेबांचं पेन चालत राहिलं. अण्णा खोकले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. घरी येताना ते माझ्या दहा पावलं पुढे चालत होते. रस्त्यात रिक्षा, स्कूटर, गर्दी, आणि त्या गर्दीत मी त्यांच्या पाठीचा पांढरा सदरा नजरेत धरून चालले होते. दारात आल्यावर त्यांनी आईला सांगितलं, ‘तुझी मुलगी आली.’ मग ते वारेपर्यंत मी ‘तुझी मुलगी’च राहिले.

निकाल लागायला बरेच महिने गेले. परवाना रद्द झाला, दंड झाला. दंड ऐकून आमच्या बोळातला पानवाला हसला होता. साखरपुड्याच्या जिलबीवर त्याहून जास्त गेले असतील. माळेची भरपाई करायची होती, पण किती? तर पावतीवर लिहिलेल्या वजनाची. आणि पावतीवरचं वजन अण्णांनी लिहिलेलं होतं, बाईंच्या म्हणण्याप्रमाणे खऱ्याच्या जेमतेम निम्मं. माळ असती तर तोलून दाखवता आली असती. माझ्या जबाबाने माळ होती एवढं ठरलं. ती केवढी होती हे मला कुठे माहीत होतं?

मी बाईंच्या घरी गेले. त्यांची आई खाटेवर झोपली होती. बाई हळू आवाजात म्हणाल्या, ‘तिला अजून सांगितलं नाहीये. तिला वाटतं, माळ दुकानातच आहे.’ मी रडायला लागले. त्यांनी मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. ‘तू बोललीस ते बरं केलंस. तुझं काम तू केलंस. पण पैसे घ्यायला मी त्या दुकानाची पायरी चढणार नाही. मनीऑर्डर करायला सांग.’ मनीऑर्डर गेली. कर्ज आणि व्याज कापून उरलेले ते पैसे माळेतल्या चार मण्यांचेही नव्हते. पुढे बाईंची बदली झाली आणि माझा त्यांचा संबंध तुटला. मी शोधायचा प्रयत्न केला, सापडल्या नाहीत.

हल्ली मी इंदिरानगरला राहते. आमच्या इमारतीखालीच सोन्यावर कर्ज देणारं एक चकाचक कार्यालय आहे. काचेचं दार, एसी, गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या हसऱ्या मुली. बायका तिथेही दुपारीच येतात आणि पर्स पोटाशी धरून बसतात. मी भाजी घेऊन येताना तिकडे न बघता जिना चढते. सून म्हणते, ‘आई, लिफ्ट आहे की.’ पण लिफ्टसाठी त्या काचेसमोर उभं राहावं लागतं.

परवाना गेल्यावर आम्ही उपाशी मरू, असं मला सांगण्यात आलं होतं. तसं काही झालं नाही. दुकानाचं शटर थोडे दिवस अर्धं खाली राहिलं, गिऱ्हाईक मागच्या दाराने येऊ लागलं, आणि आत्याचे ठेचे तसेच वास देत राहिले. बंद झालं ते माझं कॉलेज. बारावीच्या तोंडावर अण्णांनी आईकरवी सांगितलं, ‘शिकून शहाणी झालीय तेवढी पुरे.’ वकील होणारी मुलगी धान्य निवडायला बसली. मला वाढताना आत्या भाकरी ताटात वरून टाकायची. आई रोज डोळे पुसायची आणि मला म्हणायची, ‘काय मिळालं गं तुला? त्या बाईला तरी काय मिळालं?’ मी सुपातले खडे वेचत राहायचे. पदवी मी पुढे लग्न झाल्यावर, दोन मुलं झाल्यावर बाहेरून घेतली. वकिली राहूनच गेली.

परवाना जाऊन वर्ष उलटलं आणि तेच साहेब पुन्हा आमच्याकडे आले. सावकारीच्या नव्या परवान्यासाठी आमच्या पत्त्यावरून अर्ज गेला होता, आणि अर्जदार होती माझी आई. जिने उभ्या जन्मात भाजीवाल्याशीही भाव केला नव्हता, ती. साहेब पडताळणीला आले होते. अण्णांनी त्यांना वर बसवलं. मी चहा घेऊन गेले.

‘धंदा कोण बघणार?’ साहेबांनी आईला विचारलं.

आईने अण्णांकडे पाहिलं. ‘मीच,’ ती म्हणाली.

‘यांचा काही संबंध?’

‘नाही.’

अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते, जणू पाहुणेच. साहेबांनी लिहून घेतलं. सगळं त्यांना दिसत होतं, ते काही आंधळे नव्हते. पण आईच्या नावावर एकही तक्रार नव्हती, आणि त्यांना अर्जातल्या कोऱ्या जागा भरायच्या होत्या. चहाचा कप घेताना त्यांनी मला ओळखलं. चेहरा जरा उजळला त्यांचा.

‘अरे, तू! काय म्हणतंय कॉलेज?’

‘चाललंय की,’ अण्णा खिडकीबाहेर बघतच म्हणाले.

‘बंद केलंय, साहेब,’ मी म्हटलं. ‘तुमच्याकडे जबाब दिला ना, तेव्हापासून.’

खालून हातगाडीवाल्याची आरोळी आली. साहेबांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला, अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

‘बाळ, ते आमच्या कायद्यात बसत नाही,’ ते म्हणाले आणि कागद आईपुढे सरकवला. ‘इथे सही करा, वहिनी.’

आईने सही केली.